नीळकंठरावांच्या गळ्यातलं हळकुंड

सावरडोहच्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढायला येणारी माणसं तोंडाला पावडर लावून यायची. बाया केस चापूनचोपून विंचरायच्या, कुंकू ठळक करायच्या. म्हातारे टोपी झटकून नीट बसवायचे. एकदा तर एका गृहस्थानं आत शिरल्या शिरल्या विचारलं, "भाऊ, उभा काढता का बसून? बसून चांगला येते माहा फोटो." आमचे नीळकंठराव अशा वेळी हसत नसत. ते गंभीरपणे म्हणत, "काका, हा आतला फोटो आहे. आत सगळेच देखणे असतात." मग काकाही खूश व्हायचे आणि निमूटपणे अंगातली बंडी काढायचे.

नीळकंठराव म्हणजे आमचे क्ष-किरण तंत्रज्ञ. हा शब्द अख्ख्या गावात दोनच ठिकाणी सापडायचा, दारावरच्या पाटीवर आणि पगारपत्रकात. बाकी सगळ्यांचे ते फोटोवाले भाऊ. मी रामराव. त्यांच्या दारासमोरच्या खिडकीतून गोळ्या-औषधं द्यायचो. सावरडोह हे राळेगाव आणि घाटंजीच्या मधलं बाजाराचं गाव. दवाखाना लहान, व्हरांडा मोठा. मला माणसं लवकर आवडत नाहीत. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर हे कुणी तिसऱ्यांदा विचारलं की माझं टाळकं सरकतं. पण या माणसावर माझा जीव होता, आणि ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी त्यांची बरीच थट्टा करणार आहे.

ते मूळचे यवतमाळचे. घरात लेखणीची परंपरा. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, थोरला भाऊ इंजिनियर होऊन पुण्याला. नीळकंठरावांनी डॉक्टर व्हायचं असं घरानं ठरवलं होतं, पण बारावीचे मार्क थोडक्यात कमी पडले. मग ते नागपूरला मेडिकल कॉलेजात एक्स-रेचा कोर्स करायला गेले. हाडं पाठ केली, किरणं शिकले, अंधारात फिल्म धुवायला शिकले, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेऊन आले. घरात कुणी पेढा वाटला नाही. एका लग्नाच्या पंगतीत त्यांच्या मामांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बटण दाबायला इतकं शिकावं लागतं का रे?" नीळकंठराव म्हणाले, "मामा, मीठ टाकायलाही चिमूटच लागते. पण केवढी, ते यावं लागतं."

हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मामा माझेच वाटायला लागले.

काम मात्र चोख. सकाळी आल्या आल्या अंधारखोलीत जाऊन फिल्म धुवायच्या औषधात थर्मामीटर बुडवायचे. खिशाला एक बिल्ला लावायचे. आपल्या अंगात किती किरणं गेली ते त्यावरून कळतं, तो ठरावीक काळानं तपासायला जातो. लोकांना वाटायचं, भाऊंना सरकारनं मेडल दिलं आहे. त्यांनीही हा गैरसमज मोडायची फार घाई केली नाही. तरण्या बाईला पाळी चुकली आहे का हे विचारल्याशिवाय मशीनपुढे उभं करायचे नाहीत. कुणाच्या अंगावर कारण नसताना एकही फोटो जास्त काढायचे नाहीत. आणि बटणाला दुसऱ्या कुणाचं बोट लागू द्यायचे नाहीत. भारनियमनाचे दिवस होते. वीज यायची वाट पाहत सगळा व्हरांडा बसून राहायचा. दिवा लागला की लेकरंसुद्धा ओरडायची, "आली, आली!" आणि भाऊ शिशाचा जड अंगरखा चढवून उभे राहायचे.

मग त्यांचा तो आवाज. "हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या... रोखून धरा... हलू नका... सोडा!" त्यांची बायको सुमेधाताई शाळेत शिक्षिका. त्या सांगायच्या, लग्नात फोटोग्राफरनं दोघांना उभं केलं तेव्हा नवरदेवच त्याला सूचना देत होता. मला हे खरं वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. छातीचा फोटो काढायचा तर गळ्यात धातू चालत नाही. सोनं असो की पितळ, किरणं त्याच्या पार जात नाहीत, आणि फोटोत फुप्फुसावर मणी उमटतात. तेव्हा नियम साधा: गळ्यातलं काढून ठेवा. पण ती वर्षं साधी नव्हती. दोन हजार पाचच्या आगेमागे कापसाचा भाव असा पडला होता की शेतकरी जीव देत होते, आमच्या भागात आज या गावात, उद्या त्या गावात बायांची मंगळसूत्रं निघत होती. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. अशा दिवसांत परक्या पुरुषानं एखाद्या बाईला म्हणायचं, "मंगळसूत्र काढा," म्हणजे तिच्या काळजावर पाय देणं होतं.

एक बाई अशीच आली होती. छातीत दुखत होतं, श्वास लागत होता. भाऊंनी सांगितलं तशी तिनं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं आणि म्हणाली, "शेजारणीचं परवा काढलं, भाऊ. मी नाई काढत. दुखू द्या दुखते तं." आणि फोटो न काढताच निघून गेली. त्या दिवशी नीळकंठरावांचा डबा तसाच परत गेला.

तोड काढली ती तानाबाईंनी. तानाबाई म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या मावशी. झाडण्या-पुसण्यापासून बाळंतिणीला धीर देण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मंगळसूत्र तुटलं तं सोनाराकडून येईपावतर बाई का बोडक्या गळ्यानं राह्यते? हळकुंड बांधते पिवळ्या धाग्यात. थेच करा नं भाऊ. इतकं कायले डोकं खाजवता?"

हळकुंड म्हणजे धातू नाही. धाग्याचा तर प्रश्नच नव्हता. नीळकंठरावांना ते पटलं. सुमेधाताईंनी घरी सुताचे धागे हळदीत बुडवून वाळवले, प्रत्येकात हळकुंडाचा एकेक तुकडा ओवला, आणि एक्स-रेच्या खोलीत टेबलाच्या खणात स्टीलची एक वाटी येऊन बसली. बाई आत आली की आधी गळ्यात हळकुंड, मगच मंगळसूत्र बाहेर. गळा क्षणभरही रिकामा राहायचा नाही. फोटो झाला की मंगळसूत्र परत गळ्यात, हळकुंड वाटीत.

फक्त एक पंचाईत होती. परक्या बाईच्या गळ्यात पुरुषानं हळकुंडाचा धागा बांधायचा, तर आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. म्हणून बांधायचं काम तानाबाईंचं. त्या बांधत असेपर्यंत नीळकंठराव अंधारखोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. बाईला झगा घालून, धागा आत खोचून झाला की मावशी दारावर टकटक करायच्या. मग भाऊ बाहेर. नजरसुद्धा नको, इतकं त्यांचं सोवळं. मी म्हणायचो, "नीळकंठराव, तुम्हाला छातीच्या आतलं सगळं दिसतं, आणि वरचा धागा पाहायची चोरी!" ते म्हणायचे, "आतलं पाहायचा मला दाखला आहे, रामराव. वरचं पाहायचा नाही."

ही गोष्ट बायाबायांत पसरली. ज्या बाया दवाखान्याच्या नावानं पदर झटकायच्या, त्या आपण होऊन यायला लागल्या. बाजारच्या दिवशी माझ्या खिडकीशी कुणीतरी हमखास विचारायचं, "हळदीचा फोटो कुठी काढतात वो?"

अशी काही वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात तानाबाई लेकीच्या बाळंतपणाला घाटंजीला गेल्या आणि नेमकी तेव्हाच कोकिळा आली.

कोकिळा जवळच्याच एका खेड्यातली तरणी सून. कडेवर नुकती बसायला लागलेली पोरगी, तोंडाला पदर, आणि खोकला असा की व्हरांड्यातली माणसं वळून पाहायची. सोबत सासू, बेबीताई. हाडाची कडक, पण मनाची वाईट नाही. बोलता बोलता त्या सारख्या नातीच्या पायाला हात लावून पाहायच्या, गार तर पडले नाहीत ना म्हणून. घर शेतीचं. तेव्हा खरेदी उशिरा सुरू व्हायची आणि भाव वाढेल या आशेवर लोक कापूस घरातच भरून ठेवायचे. माझ्या घरी बैठकीत छतापर्यंत गंज होती. पाहुणा आला की त्याला ओट्यावरच बसवायचो.

आमच्या डॉक्टर म्हणजे मधुवंतीमॅडम, वयानं लहान पण समजदार. त्यांनी आधी थुंकी तपासली, काही निघालं नाही. साध्या गोळ्या दिल्या, खोकला हलला नाही. मग म्हणाल्या, छातीचा फोटो काढू.

तानाबाई नाहीत. नीळकंठरावांनी हळकुंडाची वाटी बेबीताईंच्या हातात दिली. "ताई, तुम्हीच बांधा सुनेला. झालं की दार वाजवा," म्हणाले आणि नेहमीसारखे अंधारखोलीत गेले. बेबीताईंनी बांधलं, झग्यात खोचलं, दार वाजवलं. भाऊ बाहेर आले, दुरूनच तोंडानं सूचना देत कोकिळाला उभं केलं, बटण दाबलं. फिल्म धुऊन झाल्यावर ती तशीच ओली मॅडमकडे घेऊन गेले. फुप्फुसावर वरच्या बाजूला एक डाग होता, लहानसा, खारकेच्या बीसारखा लांबट.

"पहा मॅडम, कडा किती स्वच्छ आली आहे," नीळकंठराव म्हणाले. आपला फोटो चांगला आला की त्यांना लपवता यायचं नाही.

खोकला जात नाही, वजन उतरलेलं, आणि फोटोत डाग. मॅडमनी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. बेबीताईंना समोर बसवून बजावलं: तोंडाला पदर धरून आईनं बाळाला पाजायला हरकत नाही, मायलेकींना तोडू नका. त्यांनी मान हलवली. पण त्यांचा धाकटा दीर टीबीनं खंगून खंगून गेला होता, आणि तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. माझ्या खिडकीशी गोळ्या घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी नातीला कोकिळाच्या कडेवरून काढून आपल्या कडेवर घेतलं आणि सुनेकडे पाठ केली. पोरीनं आजीच्या खांद्यावरून आईकडे हात केले. कोकिळानंही केले, आणि मग तेच हात पदराखाली घेतले. मी गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होतो आणि ती ऐकत नव्हती. त्या दिवशी मी तेच पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि माझं टाळकं सरकलं नाही.

पुढच्या आठवड्यात कळलं की कोकिळाला माहेरी, मारेगावकडे धाडून दिलं आणि पोरगी आजीपाशी वरच्या दुधावर आहे. नवरा फकिरा आईपुढे तोंड उघडणारा नव्हता. मॅडमनी निरोपावर निरोप पाठवले, काही उपयोग झाला नाही. मग बेबीताई पोरीला घेऊन वारंवार दिसायला लागल्या. कधी जुलाब, कधी ताप. प्रत्येक वेळी पोरगी आधीपेक्षा सुकलेली. एकदा मी चिडून म्हणालो, "ताई, आईचं दूध तोडलं तुम्ही. माझ्या खिडकीत त्याला औषध नाही."

त्या म्हणाल्या, "माय मरू नाई अन् पोट्टीबी मरू नाई, म्हून तं तोडलं ना भाऊ. मले का हौस आहे?" आणि डोळे पुसून पुडी घेऊन गेल्या.

तानाबाई परत आल्या तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण मी समोरच बसलो होतो. एक बाई फोटोला आली होती. मावशी लेकीकडे गेल्यापासून बाया आपलं आपणच बांधून घेत होत्या, तसं हिनंही बांधून घेतलं. नीळकंठराव आत, दार बंद. आणि मावशींचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला, "अवं माय, इतका लांब कायले बांधला? पार छातीवर लोंबून राह्यलं ना थे! गळ्यापाशी बांधावं, अन् हळकुंड मांगं, पाठीवर टाकावं. मंगळसूत्रावानी मिरवाचं आहे का तुले?"

अंधारखोलीचं दार टकटक न होताच उघडलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती बाई दचकून कोपऱ्यात सरकली. नीळकंठराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही नेहमी मागे टाकता? हळकुंड?"

"मंग? पुढे लोंबलं तं तुमच्या फोटोत नाई का येणार?" मावशी म्हणाल्या.

हे मावशींना कुणी शिकवलं नव्हतं आणि नीळकंठरावांनी कधी पाहिलं नव्हतं. दाराआड उभं राहून त्यांनी इतकी वर्षं मानून घेतलं होतं की सगळं ठीक आहे. धातू नाही म्हणजे काही उमटणार नाही, हा त्यांचा हिशेब. पण वाळलेलं हळकुंड दगडासारखं टणक असतं, आणि छाती फिल्मला टेकलेली असली की मधे आलेली गोष्ट आपली कडा सोडून जाते. मावशी नसताना आलेल्या बाकी बायांचं हळकुंड छातीच्या मधोमध, हाडाच्या सावलीत लपलं असणार. कोकिळानं खांदे पुढे घेतले तेव्हा ते बाजूला घसरलं. ती स्वच्छ कडा आठवून त्यांचा चेहरा असा उतरला की मी खिडकी बंद करून त्यांच्याकडे गेलो.

ते स्टुलावर बसले होते. "रामराव," ते म्हणाले, "मी गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही. गोळ्या संपतील. पुढचा फोटो मावशींच्या हातचा, साफ येईल. सगळे म्हणतील, बरी झाली. उलट मलाच शाबासकी मिळेल."

"मग?"

"मग ती पोरगी तोवर कुणाचं दूध पिणार?" असं म्हणून ते उठले आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, पण पेनचं टोपण बराच वेळ उघड-बंद करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी तिला आणा. काहीही सांगण्याआधी फोटो परत काढायला हवा."

दुसऱ्या दिवशी नीळकंठराव तानाबाईंना घेऊन मारेगावच्या एस. टी.त बसले. कोकिळाचं माहेर शोधून काढलं. परतल्यावर तिथलं सगळं मावशींनी सांगितलं. कोकिळाचा खोकला थांबला होता, तब्येत सुधारली होती. आणि दूध आटू नये म्हणून ती रोज, सकाळ-संध्याकाळ, ते काढून अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी टाकत होती. आई म्हणायची, कायले जीव कष्टवते, आता सुकू दे. ती म्हणायची, "माही पोट्टी येईन."

नवा फोटो काढला. या वेळी हळकुंड मावशींनी बांधलं, पाठीवर टाकलं. छाती आरशासारखी साफ. मॅडमनी तो पहिल्या फोटोशेजारी धरला, कोकिळाला परत तपासलं आणि विचारलं, "सासरी झोपतेस कुठे?"

"आतल्या खोलीत, कापसापाशी," ती म्हणाली. "दुसरी जागाच नाई ना."

मी शेतकऱ्याचा पोरगा. मला वेगळं सांगायची गरज नव्हती. आमच्या घरी त्या वर्षी सगळेच खोकत होते. गंजीतली किटी, म्हणजे वाळल्या पानांचा चुरा, धूळ, किडे रात्रभर छातीत. माहेरी कापूस विकून झाला होता, म्हणून खोकला थांबला. पण बेबीताईंना हे कसं पटवायचं?

बाजारच्या दिवशी त्यांना बोलावलं. फकिरा आला, बेबीताई आल्या, त्यांच्या खांद्यावर पोरगी झोपलेली. कोकिळा भिंतीला टेकून उभी. पोरीकडे पाहत होती, पण पुढे होत नव्हती. मॅडमनी दोन्ही फोटो दाखवून सगळं समजावलं. बेबीताईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग बरोबर आहे ना बाई. तवा डाग होता, गोळ्यायनं गेला. गोळ्या सा महिने घ्याच्या, तुमीच म्हणलं होतं. सा महिने झाले की पोट्टी देतो तिले. मी का गिळून बसतो तिले?"

साफ फोटोनं एवढंच सिद्ध होत होतं की गोळ्या चांगल्या आहेत. मॅडम माझ्याकडे पाहायला लागल्या, मी छताकडे.

नीळकंठराव दारात उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, माझा फोटो काढा. हळकुंड घालून."

"तुमचा? कोकिळाचाच काढू ना परत, पुढे लोंबवून."

"नाही. तिच्या अंगावर कारण नसताना एकही जास्त नाही. चूक माझी, छाती माझी. बटण तुम्ही दाबा, तुम्हाला अधिकार आहे." मग वाटी घेऊन ते बेबीताईंपुढे गेले. "ताई, सुनेला जसं बांधलं होतं, तसंच मला बांधा. तेवढंच लांब."

व्हरांड्यात हशा पिकला. बाजारची माणसं दाराशी गोळा झाली होतीच. बेबीताई लाजून चूर. "अवं माय! माणसाच्या गळ्यात हळकुंड! मले पाप लागन वो भाऊ." तानाबाईंनी मात्र पदर खोचला. "बांध वं. तू का लग्न लावून राह्यली? बांध!" पोरीला फकिराच्या हातात देऊन बेबीताईंनी शेवटी धागा घेतला. नीळकंठरावांनी बायांना देतात तोच हिरवा झगा घातला होता. त्यांनी मान खाली केली, बेबीताईंनी डोळे अर्धे मिटून गाठ मारली आणि हळकुंड झग्यात सोडलं.

ते मशीनपुढे उभे राहिले, कोकिळासारखेच खांदे पुढे घेऊन. मॅडम बटणापाशी जाऊन थांबल्या. काय म्हणायचं ते ऐन वेळी त्यांच्या तोंडी येईना. तेव्हा सगळा व्हरांडा एका आवाजात म्हणाला, "श्वास घ्या! रोखून धरा! हलू नका!" इतक्या वर्षांत गावाला ते पाठ झालं होतं. बटण दाबलं गेलं. 'सोडा' म्हणायचं सगळेच विसरले, आणि आमचा शिस्तीचा माणूस श्वास रोखून तसाच उभा, तोंड लाल होईपर्यंत. शेवटी मीच ओरडलो, "सोडा हो नीळकंठराव!"

फिल्म त्यांनी स्वतः धुतली. ओलीच बाहेर आणून खिडकीच्या उजेडात धरली. वरच्या बाजूला तोच डाग, लहानसा, लांबट, स्वच्छ कडेचा. मॅडमनी कोकिळाचा पहिला फोटो शेजारी धरला. एका बाईचा, एका बाप्याचा, आणि डाग जणू जुळे.

बेबीताई जवळ आल्या. एकदा या फोटोकडे, एकदा त्या फोटोकडे. मग नीळकंठरावांच्या छातीकडे. "मंग तुमाले बी टीबी आहे का वो भाऊ?"

"नाही ताई. ही हळद आहे. कोकिळाचीही हळदच होती. दोष तुमचा नाही, तिचाही नाही. मी पाहायला हवं होतं, आणि मी दार लावून आत उभा राहिलो."

बेबीताईंनी फकिराकडून पोरगी घेतली, भिंतीपाशी गेल्या आणि तिला कोकिळाच्या हातात दिलं. पोरगी जागी झाली. आईकडे टकामका पाहत राहिली, ओळख लागेना. ओठ काढले. आता रडणार, असं वाटलं, आणि कोकिळाचाच चेहरा रडवेला झाला. मग पोरीनं नाक तिच्या खांद्याला घासलं, वास ओळखला, आणि तोंडानं पदर ओढायला लागली. कोकिळा तिथेच खाली बसली. बेबीताईंनी दाराशी जाऊन आपला पदर दोन्ही हातांनी पसरला आणि व्हरांड्याकडे पाहून ओरडल्या, "चला, व्हा तिकडे! तमाशा आहे का?" आम्ही सगळे बाहेर झालो. नीळकंठराव अंधारखोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा डोळे लाल. म्हणाले, औषधाच्या वासानं झालं. मी म्हणालो, हो, तो वास मलाही आज खिडकीपर्यंत येतोय.

मॅडमनी गोळ्या बंद केल्या. पुढे वरून नीळकंठरावांना लेखी समज आली. त्यांनी ती वाचली, सही केली आणि मावशींना विचारून गळ्यापाशी बांधलेला धागा स्वतः पाहायला सुरुवात केली. आपला डागाचा फोटो त्यांनी खोलीत काचेवर लावून ठेवला. कोणी विचारलं की सांगायचे, "माझा आहे. असा यायला नको म्हणून मान वळवा, पाहू द्या." फकिरानं घरी जाऊन कापूस ओसरीवर काढला आणि स्वतः राखण करत त्याच्यावर झोपू लागला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी निघताना बेबीताई परत फिरल्या. नीळकंठरावांच्या गळ्यात हळकुंड तसंच होतं, त्यांच्या लक्षातही नव्हतं. त्यांच्यापुढे उभं राहून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी तुमी पाह्यलं असतं ना, तं मी काई म्हणलं नसतं."

"मलाच लाज वाटली, ताई," नीळकंठराव म्हणाले.

बेबीताईंनी या वेळी डोळे मिटले नाहीत. भाऊंच्या गळ्यातली गाठ सोडली, धागा गुंडाळून वाटीत टाकला आणि बाहेर आल्या. कोकिळा पोरीला घेऊन पायरीवर उभी होती. बेबीताईंनी नातीला घ्यायला हात पुढे केले नाहीत. त्यांनी सुनेची पिशवी उचलली आणि तिच्या मागून एस. टी.च्या थांब्याकडे चालू लागल्या.